कार्बोरेटरमधला आत्मा

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला चंदीगडबाहेर मुल्लानपूरच्या रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडसमोर, लग्नाला लोटावी तशी गर्दी लोटली होती. एप्रिलचा शेवटचा आठवडा. शेतांतला गहू कापून झालेला, नव्या वसाहतींचे फलक उन्हात तळपत होते आणि डांबर चपलांना चिकटत होतं. तरी सावलीला सरकायला कुणी तयार नव्हतं. कारण शेडसमोर मरून पडलेली एक हिरवी विलायती मोटार आता जिवंत होणार होती.

"पीछे हटो जी! आत्म्याला वारा लागू द्या!" सेवेकरी ओरडत होते.

गर्दी तसूभर मागे हटली आणि हातभर पुढे आली.

मग इंजनवाले बाबाजी उठले. भगवी कफनी, छातीवर रुळणारी दाढी आणि गळ्यातल्या रुद्राक्षांच्या माळेत मधोमध ओवलेला एक जुना स्पार्क प्लग. त्यांनी मोटारीचं बॉनेट उघडलं, माठातल्या 'हिमालयाच्या जलात' बुडवलेली लाल चुनरी बाहेर काढली आणि पाणी निथळत असतानाच ती इंजिनाच्या एका बाजूवर अलगद पांघरली. हात हवेत फिरले. जप सुरू झाला.

"पेट्रोल म्हणजे काय, भक्तहो?" जपाच्या मध्येच बाबाजी गरजले. "कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेले जीव! ते जमिनीखाली तेल होऊन पडलेत. जळताना ते बोलतात. आणि कार्बोरेटर म्हणजे काय? गाडीचा गळा! माणसाचे प्राण कुठं येतात? कंठाशी! मग गाडीचे कुठं येणार?"

"कार्बोरेटरशी!" गर्दीनं शाळेतल्या पाढ्यासारखं उत्तर दिलं.

"आणि या नव्या गाड्या? त्यांना कंठच नाही. कॉम्प्युटर आहे. कॉम्प्युटर नास्तिक आहे! त्या माझ्या दारात कधी थांबत नाहीत. थांबते ती आत्मा असलेली गाडी."

एकशे आठ जप संपले. "चाबी, बेटी," बाबाजी म्हणाले. मोटारीत बसलेल्या विनयानं चावी फिरवली. इंजिन घरघरलं, खोकलं, एक मोठा फटाका वाजला आणि गाडी सुरू झाली. जयजयकार असा झाला की विजेच्या तारेवरचे पारवे उडाले. जुन्या मोटारींच्या क्लबातले सगळ्यांत ज्येष्ठ सभासद, सहा फुटी ग्रेवालजी, रुमालानं डोळे पुसू लागले.

"रब दी मेहर, देवाची कृपा," ते म्हणाले. "माझी काळी मोटार तर यांच्या परवानगीशिवाय इथून हलतच नाही."

ही गोष्ट खरीच होती. क्लबाची मंडळी दर रविवारी सेक्टर १७ मधून निघायची. बाबाजींचे नियम ठरलेले होते. वाटेत कुठंही थांबायचं नाही. दारात आल्यावर इंजिन बंद करायचं. बॉनेटला हात लावायचा नाही, कारण आत्म्याला लाज वाटते. मग चपला काढून शेडमध्ये बसायचं आणि पंधरा मिनिटं प्रवचन ऐकायचं. त्यानंतर जुन्या गाड्या काही केल्या सुरू होत नसत. बाबाजी हात लावत आणि त्या सुरू होत. याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता?

पण आज बाबाजी तिथं थांबले नाहीत. ते विनयाच्या खिडकीशी वाकले.

"ही गाडी कुणाची, बेटी?"

"आईची. दोन वर्षं झाली तिला जाऊन."

"ती असताना गाडी अशी कधी बंद पडली होती?"

विनयानं मान हलवली. "कधीच नाही."

"मग आता का पडते? माझ्याच दारात का पडते? तुझी आई हिच्यात अडकली आहे, बेटी. त्या तापल्या गळ्यात तडफडते आहे. पुढच्या रविवारी गाडी आश्रमाला अर्पण कर. तिला सोडव."

विनयाचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला.

मागच्या सीटवर मांडीवर पुस्तक घेऊन बसलेल्या तिच्या वडिलांना, गुरुनाथांना, काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तोंड उघडून मिटणं हा त्यांचा जन्मभराचा व्यायाम. चंदीगडच्या एका ग्रंथालयात त्यांनी बत्तीस वर्षं काढली. तिथं त्यांच्या वतीनं 'शांतता राखा' ही पाटी बोलायची आणि घरी त्यांची बायको नलिनीबाई बोलायच्या. मोटार नलिनीबाईंचीच. एका निवृत्त कर्नलकडून त्यांनी ती हौसेनं घेतली, हौसेनं चालवली. त्या चालवायच्या, हे शेजारी बसून नकाशा वाचायचे, आणि तोही कधीकधी उलटा.

पुढच्या दिवसांत घराची रयाच गेली. विनया मोहालीच्या ऑफिसात हाताखालच्या तेरा माणसांना कामाला लावणारी बाई. पण सकाळी निघण्याआधी ती गॅरेजमध्ये जाऊन बॉनेटवर हात ठेवून उभी राहू लागली.

"नाना, ती आत आहे," ती म्हणायची. "त्या उष्णतेत. दोन वर्षं! आणि मी मजेत गाडी फिरवत होते."

गाडी जाणार याचं गुरुनाथांना वाईट वाटत होतंच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. गाडी दिली, तरी 'आई दोन वर्षं इंजिनात जळत होती' ही समजूत पोरीच्या उरात जन्मभर राहणार होती. गाडीची किल्ली एकदा बाबाजींच्या हाती गेली की ती समजूत पक्की होणार, आणि मग ती कुणालाच काढता येणार नव्हती. रविवारला सहा दिवस होते.

गुरुनाथांना दुसरं काही येत नव्हतं, म्हणून त्यांनी वाचायला घेतलं. गाडीबरोबर आलेलं दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक कपाटात होतं. सोमवारी त्यांनी ते वाचलं. मंगळवारी पुन्हा वाचलं, कारण पहिल्या वाचनात आपल्याला समजलं यावर त्यांचा विश्वास बसेना. बुधवारी पुस्तक घेऊन ते गॅरेजमध्ये गेले. बॉनेटचा खटका सापडायला वीस मिनिटं लागली. सापडला तेव्हा बोटही चेमटलं.

पुस्तकात लिहिलं होतं ते असं: गाडी धावत असते तेव्हा पंखा वारा घालतो आणि टाकीतून गार पेट्रोल सतत येत राहतं. लांबच्या दौडीनंतर इंजिन एकदम बंद केलं की पंखा थांबतो, पेट्रोल जागीच थांबतं, पण लोखंडाची धग तशीच राहते. बॉनेट बंद असेल तर विचारूच नका. मग पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल चहाच्या आधणासारखं उकळतं. पंपात आणि नळीत वाफ भरते. पंप पेट्रोल ढकलू शकतो, वाफ नाही. गाडी सुरू होत नाही. उपाय: थांबा, किंवा पंपावर ओलं फडकं टाका.

"ओलं फडकं," गुरुनाथ स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे चुनरी."

बाबाजींचे सगळे नियम त्यांना एकेक करून आठवले. वाटेत थांबू नका, म्हणजे इंजिन नीट तापेल. बॉनेट उघडू नका, म्हणजे धग आत कोंडेल. प्रवचन पंधरा मिनिटं, म्हणजे पेट्रोल उकळून होईल. लोक नमस्काराला थांबत होते म्हणून गाड्या मरत होत्या. न थांबता कुणी पुढे गेलं असतं तर काहीच झालं नसतं. पण इतकी श्रद्धा असताना न थांबून पाहणार कोण?

तरी एक प्रश्न उरलाच. नलिनी असताना गाडी का नाही थांबली? ती तर भर जूनमध्ये गाडी बाजारात उभी करून पंधरा-वीस मिनिटांत परत यायची आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू व्हायची.

गुरुवारी उत्तर सापडलं. पुस्तकातल्या आकृतीत कार्बोरेटर आणि त्याखालचा तापलेला नळ यांच्या मध्ये एक जाड काळा ठोकळा दाखवला होता. धग वर चढू नये म्हणून, याच मॉडेलला मुद्दाम दिलेला. गाडीत तो नव्हता. गुरुनाथांनी आधी आपली आवृत्ती चुकीची असेल असं समजून प्रकाशनवर्ष तपासलं. ते बरोबर होतं. मग त्यांना खोकं आठवलं. आईच्या पहिल्या वर्षश्राद्धाला विनयानं गाडी एका कारागिराकडून चकचकीत करून घेतली होती. क्रोम, रंग, सीटा, सगळं नवं. काढलेले जुने भाग त्यानं खोक्यात घालून परत दिले होते. खोक्याच्या तळाशी काळा, कळकट, बोटभर जाडीचा ठोकळा होता. घाण दिसतो म्हणून पठ्ठ्यानं परत बसवलाच नव्हता.

गुरुनाथ तो हातात घेऊन स्टुलावर बसले. हे पोरीला कसं सांगायचं? तिनं मायेपोटी केलेल्या कामामुळंच सगळं रामायण घडलं होतं.

शुक्रवारी जेवताना त्यांनी धीर केला. "विनू, ते कार्बोरेटरचं मी जरा वाचलं..."

"नाना, प्लीज." विनयानं घास खाली ठेवला. "तुम्ही सगळं पुस्तकातच शोधता. आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हाही तुम्ही पुस्तकच घेऊन बसला होतात."

गुरुनाथांनी आमटीत बघितलं. ते खरंच होतं. त्यांना दुसरीकडे कुठं बघायचं ते तेव्हा कळलं नव्हतं. पण एक गोष्ट पक्की झाली. सांगून भागणार नव्हतं. दाखवावं लागणार होतं. आणि दाखवायला गेलो आणि गाडी सुरू झालीच नाही तर? या विचारानं शनिवारी त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी हिरवी मोटार आणि ग्रेवालजींची काळी मोटार पुढेमागे निघाल्या. हिरव्या गाडीला झेंडूचा हार घातला होता. शेड दोन किलोमीटरवर आली असताना गुरुनाथ घसा खाकरून म्हणाले, "मला उसाचा रस प्यायचाय."

"आत्ता? बाबाजींनी वाटेत थांबू नका सांगितलंय."

"फार तहान लागलीय गं."

नानांनी आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. विनयानं रस्त्याकडेला शंकर नावाच्या रसवाल्याच्या गाड्यासमोर मोटार थांबवली. मागून ग्रेवालजीही थांबले.

"गुरुनाथजी, आज पार्टी आपकी!"

गुरुनाथांनी चवीनं दोन ग्लास प्यायले. तिसरा मागवला, तो हातात धरून उसाच्या जातींविषयी शंकरला चार प्रश्न विचारले आणि चोरून घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटं झाली.

"चला," विनया म्हणाली आणि तिनं चावी फिरवली. घर्र, घर्र, घर्र. काही नाही. तिकडे काळी मोटारही नुसतीच कण्हत होती.

"ओए!" ग्रेवालजी खाली उतरले. "बाबाजी तर दोन किलोमीटर दूर बसलेत! इथं कशी मेली ही?"

रस प्यायला थांबलेल्या दोन शेतकऱ्यांनी शंकरकडे आदरानं पाहिलं. एकानं हातही जोडले.

"साहब, मैंने कुछ नहीं किया!" शंकर घाबरून म्हणाला. "बस थोड़ा नींबू डाला था!"

गुरुनाथांनी बर्फाच्या लादीवरचं ओलं गोणपाट मागितलं, बॉनेटचा खटका ओढला आणि ते पंपावर आणि कार्बोरेटरवर नीट बसवलं. प्लगच्या तारांवर पाणी पडू नये म्हणून एका हातानं त्यांनी कडा उचलून धरली. गोणपाटातून वाफ निघाली. सात मिनिटं गेली.

"आता एक्सलरेटर पूर्ण दाबून धर. पुन्हापुन्हा दाबू नको. फिरव चावी."

गाडी सुरू झाली. झेंडूच्या हाराच्या पाकळ्या थरथरू लागल्या. पाठोपाठ काळीही झाली.

"बिना मंतर?" ग्रेवालजींनी विचारलं.

"पेट्रोल उकळलं होतं, ग्रेवालजी. ते गार केलं. बाबाजी तेच करतात, फक्त चुनरी लाल असते."

ग्रेवालजींच्या मिशा हलल्या. आधी रागानं, मग हसण्यानं. "तीन साल! तीन साल मी त्या माणसाचे पाय दाबले!"

विनया मात्र हसली नाही. "नाना, मग आई असताना का नाही थांबली?"

खिशातल्या ठोकळ्यावर गुरुनाथांची मूठ घट्ट झाली. "ते... मग सांगतो," ते पुटपुटले.

"बघा. त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही." आणि विनयानं गाडी शेडकडेच वळवली. ग्रेवालजींनी शंकरला गोणपाटासकट काळ्या मोटारीत घातलं आणि ते मागोमाग निघाले.

बातमी त्यांच्याआधी मोटारसायकलवरून पोचली होती. गाड्या बंद करून मंडळी उतरेपर्यंत बाबाजींचं प्रवचन त्याच विषयावर रंगलं होतं. "सूर्य वर असतो, ऊन खाली पडतं! माझी कृपा दोन किलोमीटर गेली, त्यात नवल काय? रसवाला निमित्त!"

"जय हो!" गर्दी म्हणाली.

"ठीक है," ग्रेवालजी बाह्या सरसावत म्हणाले. "मग आज कृपेचीच परीक्षा होऊन जाऊ द्या. बोला, गुरुनाथजी!"

दीडशे डोळे गुरुनाथांकडे वळले.

"म्हणजे... बाबाजींची हरकत नसेल तर. गाड्या आता बंद आहेत. प्रवचन झालं की त्या सुरू होणार नाहीतच. मग काळ्या गाडीवर बाबाजींनी मंत्र म्हणावा, पण चुनरी कोरडी. हिरवीवर शंकर ओलं गोणपाट टाकेल, पण मंत्र नाही. बॉनेटं झाकलेली. दहा मिनिटं. त्याहून जास्त नको, नाहीतर गाडी आपोआपच गार व्हायला लागेल."

"जल बिना जाप अधूरा होता है!" बाबाजी गरजले.

"मग अर्धी तरी चालू होऊ द्या, बाबाजी," मागून कुणीतरी म्हणालं आणि गर्दीत पहिल्यांदाच खसखस पिकली.

माघार घेणं आता कठीण होतं. प्रवचनाची पंधरा मिनिटं भरली तेव्हा दोन्ही गाड्या नेहमीसारख्याच मेलेल्या होत्या. बाबाजी काळ्या मोटारीपुढे जपाला बसले. शंकरनं हिरवीवर गोणपाट टाकलं, बॉनेट लावलं आणि कसलीशी धून गुणगुणत उभा राहिला. "गाऊ नको रे," गुरुनाथ कळवळून म्हणाले, "लोक म्हणतील तोच मंत्र."

दहा मिनिटं झाली. ग्रेवालजींनी चावी फिरवली. काळी मोटार कोरडी खोकत राहिली. शंकरनं बॉनेट उघडून गोणपाट काढलं, विनयानं चावी फिरवली आणि हिरवी मोटार गुरगुरत उठली.

लोक हसले, ओरडले. पण बाबाजी मुरलेले होते. त्यांनी बोट विनयाकडे रोखलं. "ही उठणारच! हिच्यात माता आहे! विचार तुझ्या बापाला, ती जिवंत असताना गाडी का नाही थांबली?"

विनया बापाकडे पाहत होती.

गुरुनाथांनी ठोकळा बाहेर काढला.

"विनू, हा कार्बोरेटरच्या खाली असायचा. धग अडवायला. गाडी चकचकीत करताना त्या कारागिरानं तो बसवला नाही. खोक्यात होता. आई होती तेव्हा हा गाडीत होता. वर्षश्राद्धापासून नव्हता. एवढाच फरक आहे."

विनयाच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. "म्हणजे माझ्यामुळं?"

"तू मायेनं केलंस. एक ठोकळा राहिला. त्याची शिक्षा म्हणून आईला इंजिनात कोंडायचं काय कारण? तिथं कुणी तडफडत नव्हतं, पोरी. पेट्रोल तडफडत होतं."

विनया स्टिअरिंगवर डोकं टेकून रडू लागली. गर्दी चुळबुळली. आतापर्यंत मजा पाहणाऱ्यांतल्या काहींनी नजर खाली घातली.

मग ग्रेवालजींचा आवाज चढला. दोघाचौघांनी बाबाजींची कफनी धरली. गुरुनाथ लगबगीनं मध्ये पडले. "मारू नका हो! मारून काही सिद्ध होत नाही." जवळून त्यांना बाबाजींचे हात दिसले. नखांत वर्षानुवर्षांचं काळं वंगण मुरलेलं होतं. "इंजिनाचं तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं," ते हळूच म्हणाले. "गॅरेज का नाही काढत?"

"बीस साल था गैराज," बाबाजी तितक्याच हळू म्हणाले. "कारागिराच्या पाया कोण पडतं, साहब?"

लोक आता गुरुनाथांच्या तोंडाकडे बघत होते, आणि आज त्यांच्या वतीनं बोलायला कोणतीही पाटी नव्हती.

"मला भाषण येत नाही," ते म्हणाले. "पण एक सांगतो. हे बाबाजी दर कार्तिकात हिमालयात जातात आणि चैत्रात परत येतात. लोक उन्हाळ्यात पहाडावर जातात, हे ऐन थंडीत. का? थंडीत गाड्या बंद पडत नाहीत म्हणून. हे आपल्या सगळ्यांना दिसत होतं. मलाही. मीही गप्प बसलो. आता माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरी जा, गाडी तापवा, बंद करा, झाकून ठेवा आणि काय होतं ते स्वतः पाहा. मी चुकलो असेन तर मला येऊन सांगा. जो माणूस 'झाकण उघडू नका' म्हणतो, त्याच्यासमोर आधी झाकण उघडा. आणि तुमच्या दुःखाचं कारण कुणी तुमच्या मेलेल्या माणसावर ढकलत असेल, तर हात जोडायच्या आधी त्याला दोन प्रश्न विचारा."

टाळ्या पडल्या नाहीत. पण तिघाचौघांनी आपापल्या मोटारींची बॉनेटं उघडली आणि आत वाकून बघू लागले. ग्रेवालजींनी आपल्या काळ्या मोटारीसाठी शंकरचं गोणपाट पळवलं.

गुरुनाथ येऊन पुढच्या सीटवर बसले. विनयानं नाक पुसलं. इंजिन चालू होतं, पण ती गाडी हलवत नव्हती.

"मग आई कुठं आहे, नाना?"

पुस्तक मागच्या सीटवर होतं. गुरुनाथांनी तिकडे वळून पाहिलं नाही.

"मला माहीत नाही, विनू," ते म्हणाले. "पण ती कुठंही अडकलेली नाही. एवढं नक्की."

विनयानं गियर टाकला.